न आटणारं पिंप

सोमवारी वाइनची पिंपं भरायची, हा फ्रान्सातल्या शाब्ली गावातल्या घराघराचा नेम. लाकूड आठवडाभरात थोडी वाइन पितंच. बूच काढावं, आत बोटभर पोकळी दिसावी, ती काठोकाठ भरून टाकावी. पोकळीत हवा राहिली तर वाइन बिघडते.

तिबोची पाठ आखडल्यापासून हे काम त्याच्या बायकोकडे, ओडिलकडे आलं होतं. सकाळी नर्सबाईंकडे दहा महिन्यांच्या लूसचं वजन करायचं, मग पोरीला छातीशी बांधून तळघरात उतरायचं.

लूस जन्मली त्या एप्रिलात हिमानं वेलींचे कोंब काळे पडले होते. पुढे जूनभर पाऊस, ऑगस्टात अंगात स्वेटर. वरच्या उतारावर जेमतेम एका पिंपापुरती द्राक्षं निघाली, तीही हिरवट. तिची वाइन चाखून तिबो म्हणाला होता, "हट्टी आहे. पण हट्टी पोरंच नाव काढतात."

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी ओडिलनं त्या पिंपाचं बूच काढलं, तर पोकळीच नव्हती.

"तू भरलंस?" तिनं वर येऊन विचारलं.

"मला मोजे चढवता येईनात, आणि पिंप भरू?"

"माझ्याकडे बघू नकोस," तिची सासू, जिनेत, बटाटे सोलता सोलता म्हणाली. "या गारठ्यात मी खाली जाते होय?"

ओडिलनं बुचावर मेण ओतलं, मेणावर अंगठा उमटवला.

पुढच्या सोमवारी अंगठा जसाच्या तसा होता. बूच निघताच वाइन वर आली आणि पिंपाच्या पोटावरून ओघळली. थंडीत वाइन आकसते, फुगत नाही. शाब्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. ओडिलनं ओघळ बोटावर घेऊन चाखला. नाताळाआधी ती कच्च्या सफरचंदासारखी बोचत होती. आता मऊ लागली, कोमट लागली. झोपेतून उठलेल्या बाळाच्या टाळूला वास येतो, तसला काहीसा वास तिला होता.

त्या सकाळी लूस शंभर ग्रॅमनं उतरली होती.

त्याच्या पुढच्या सोमवारी दीडशेनं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती ऐकली. "काही सापडत नाही, मादाम. दूध पिते ना?"

पीत होती. आधाशासारखी पीत होती.

तळघरात ओडिलनं सांडलेली वाइन मापात धरली. मापातही दीडशेचाच आकडा बघून ती पायरीवरच बसली. हे कुणाला सांगायचं? आणि काय म्हणून सांगायचं?

तिनं काचेच्या नळीनं एक तांब्याभर वाइन उपसली आणि मोरीत ओतली. दुसऱ्या दिवशी लूस दोन वाट्या खिमट खाऊन हसली.

"पिंप रिकामं कर," ती तिबोला म्हणाली.

तिबोनं नळीतून थेंबभर चाखली. त्यानं ती बराच वेळ जिभेवर घोळवली.

"ओडिल, अशी वाइन माझ्या बापालासुद्धा जमली नाही गं."

"ओतून टाक."

"वेड लागलंय तुला?"

तिनं लूसची बाही वर सरकवली. तिबोनं ते काडीसारखं मनगट दोन बोटांत धरलं.

"तू वर जा," तो शेवटी म्हणाला. "मी करतो."

महिन्याभरात लूस गुबगुबीत झाली. नर्सबाई म्हणाल्या, "आता हिला उचलायला पैलवान आणा."

एप्रिलात तिच्या वाढदिवसाला रविवारचं जेवण झालं. मलईतली कोंबडी होती. सासूनं, जिनेतनं, पेले भरले आणि सगळ्यांनी घोट घेतला. तिबोच्या थोरल्या भावानं डोळे मिटून घेतले.

"कुठली ही?" त्यानं विचारलं.

तिबोनं आपला पेला खाली ठेवला.

"आई म्हणाली, सहा बाटल्या तरी ठेवू. पोरीच्या जन्माची वाइन, तिच्या लग्नात उघडायची," तो पुटपुटला. "ओतवली नाही गं सगळी."

"लग्न कुणी बघितलंय?" जिनेत म्हणाली. "मी तोवर राहते होय! आज सगळे जमलेत, म्हटलं पिऊन घ्या."

टेबलावर सहाही बाटल्या उघड्या होत्या.

"पिऊ नका," ओडिल म्हणाली.

कुणी ऐकलं नाही. तिनं स्वतःचा पेला दूर सारायला हात पुढे केला. पेला रिकामा होता आणि तिच्या जिभेवर तीच कोमट चव होती.

लूस तिच्या मांडीवर शांत झोपली होती. ओडिलनं तिला उचललं. सकाळी दोन हात लागले होते; आता एका हातानं सहज उचलता आलं.