हातांच्या हाकेला ओ

साक्षदालनात आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जाड राखी कापड लावलं होतं. अनसूयाबाईंना त्याची गंमत वाटली. साक्ष द्यायची ती हातांनी, देणारी जन्मापासून बहिरी, आणि बंदोबस्त काय तर आवाजाचा! पण आजचा दिवस हसण्याचा नव्हता. समोरच्या बाकावर नसीम बसली होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

मिरजेबाहेरच्या या आधारकेंद्रात नसीम सेविका होती आणि अनसूयाबाई सहवासी. त्यांची शाळेपासूनची मैत्रीण गोदावरी शेजारच्याच खाटेवर असायची. पंधरवड्यापूर्वी गोदा न्हाणीघराच्या दारात पडली, खुबा मोडला, आणि इस्पितळात तिसऱ्या दिवशी गेली. त्याआधी, इस्पितळाची गाडी यायची वाट बघत पडल्या पडल्या, तिने एका हाताने काय झालं ते सांगितलं होतं. खोलीतल्या खूणवाचकाने ते टिपलं होतं.

खूणवाचक प्रत्येक खोलीत होता. छतातले त्याचे डोळे हातांच्या खुणा बघत, आणि यंत्र त्यांचं मराठी करून बोलून दाखवी. तेच पडद्यावर अक्षरांतही उमटे. बोलणाऱ्यांचं बोलणंही तो अक्षरांत आणी, त्यामुळे अनसूयाबाईंना दालनातला शब्दन् शब्द वाचता येत होता.

पडद्यावर गोदाचं शेवटचं म्हणणं होतं.

‘· नसीमने मला ढकललं. आली. उचललं.’

“अर्थ स्वच्छ आहे,” चौकशी अधिकारी लोंढेबाई म्हणाल्या. “नाव आहे, कृती आहे.”

“आमच्या केंद्राला याचं फार दुःख आहे,” सरव्यवस्थापक वाळिंबे टायची गाठ चाचपत म्हणाले. “इतक्या वर्षांत आमच्याकडे नावानिशी तक्रारी अगदी मोजक्याच. पण दोषीला आम्ही पाठीशी घालणार नाही.”

त्यांच्या शेजारी पर्यवेक्षक दिगंबर माने बसला होता. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तो गंभीरपणे मान हलवत होता.

अनसूयाबाईंनी उमेदीची वर्षं छापखान्यात खिळे जुळवण्यात घालवली होती. त्यांची नजर अक्षरांच्या आधी त्या बारीक ठिपक्यावर गेली. त्यांनी हात वर केले.

“तो ठिपका कसला?” यंत्राने त्यांच्या वतीने विचारलं.

उत्तर द्यायला डॉ. तेजस्विनी बेडगे उठल्या. खूणवाचक बनवणाऱ्यांपैकी त्या एक. तज्ज्ञ म्हणून त्यांना बोलावलं होतं. त्यांचे आईवडील दोघंही बहिरे, त्यामुळे तोंडाबरोबर त्यांचे हातही चालत.

“यंत्राला खात्री नसलेली खूण ते गाळतं, आणि तिथे ठिपका ठेवतं.”

“गाळतं का?” लोंढेबाईंनी विचारलं.

“कायदाच तसा आहे, मॅडम. यंत्र चुकीचा शब्द बोललं तर जबाबदारी बनवणाऱ्यांची. न बोललेल्या शब्दाचा जाब कोणी विचारत नाही. गाळलेल्या खुणा बहुतेक नावं असतात.”

“नावं का बरं?”

“बहिऱ्या माणसांत प्रत्येकाला खुणेचं नाव असतं. माझे दात फटीचे, म्हणून वडिलांनी मला हे ठेवलं.” त्यांनी समोरच्या दातांवर नख टेकवलं. “हे कुठल्या शब्दकोशात सापडणार? मग यंत्राला शिकवायचं कसं? आम्ही तान्ह्या मुलाकडे बघितलं. हाक ऐकून कोण वळतं, यावरून मूल घरातल्यांची नावं शिकतं. यंत्रही तेच मोजतं. खुणेच्या आधी माणूस काय करत होता, खुणेनंतर काय केलं. दरवेळी त्याच खुणेला त्याच माणसाच्या वागण्यात फरक पडला, दुसऱ्या कोणाच्या नाही, की ते नाव त्याचं.”

“म्हणजे ओ दिली की नाव पक्कं.”

“अगदी बरोबर.”

“आणि ‘नसीमने ढकललं’ हे?”

तेजस्विनीबाई पडद्यावरच्या ओळीकडे वळल्या. “नाव खरं आहे. पण ते मुळात ‘आली’च्या आधी होतं. ज्याने ढकललं त्याचं नाव गळलं असेल, तर ती कृती जवळच्या खात्रीच्या नावाला चिकटते. त्याशिवाय वाक्य उभं राहत नाही.”

“नुसतं असेल-नसेल!” वाळिंबे म्हणाले.

अनसूयाबाई उठून उभ्या राहिल्या. “मी ते चित्रण बघितलंय. गोदाने आधी हे केलं.” त्यांनी दोन बोटं कमरेवर दोनदा आपटली. “किल्ल्या. मग ढकललं. मग हे.” तर्जनी गालात रुतवून फिरवली. “खळी. नसीमला आम्ही खळी म्हणतो. खळी आली, खळीने उचललं. इथल्या कोणालाही विचारा, किल्ल्या म्हणजे कोण!”

पहिल्या खुणेच्या जागी पडद्यावर पुन्हा ठिपका आला.

लोंढेबाईंचा चेहरा कठोर नव्हता, थकलेला होता. “आजी, पूर्वी दुभाषे विकले जायचे, घरचे लोक आपल्याला हवं ते सांगायचे. म्हणून तर यंत्राची साक्षच ग्राह्य धरायची असं ठरलं. मेलेल्या बाईच्या खुणेचा अर्थ तुमच्या तोंडून घेता येणार नाही. हे नाव आज यंत्राने उच्चारलं तर मी नोंद बदलीन. नाही तर संध्याकाळी नसीमचा परवाना रद्द, आणि प्रकरण पोलिसांकडे.”

नसीमच्या बोटावरची ओढणी करकचून आवळली गेली.

“पण कमरेवरची ती खूण कोणाची, हे यंत्राला आजवर का कळलं नाही?” लोंढेबाईंनी तज्ज्ञांना विचारलं.

“त्या माणसाने कधी ओ दिली नसेल.”

“कशी देईल?” अनसूयाबाई खुणा करू लागल्या. “इथे नवा सेवक आला की जेवणघर दाखवायच्या आधी त्याला एक गोष्ट शिकवतात. सहवाशांच्या हातांकडे बघायचं नाही. बघितलं की नाव लागतं, नाव लागलं की तक्रार लागते. ताटाकडे बघा, चादरीकडे बघा, हातांकडे नको. इथे हातांकडे बघणारी एकच पोर आहे. ती बघा, तिथे बसली आहे, गुन्हेगार म्हणून.”

‘शिकवतात’च्या आधीही एक ठिपका पडला. तो कोणी बघितला नाही.

तेजस्विनीबाई खाली बसल्या. “म्हणजे इतक्या वर्षांत ज्यांची नावं लागली...”

“ते बघणारे होते, बाळ,” अनसूयाबाई म्हणाल्या. “न बघणाऱ्यांना बढत्या मिळाल्या.”

“हे सगळं ठरवून पढवलेलं आहे,” वाळिंबे म्हणाले. “मॅडम, वेळ जातोय.”

“मला गोदाबद्दल बोलायचंय,” अनसूयाबाई म्हणाल्या. “साक्ष म्हणून. तो माझा हक्क आहे.”

“बोला. थोडक्यात.”

साक्षीदाराचे हात चालू असताना दालनातल्या प्रत्येकाने त्या हातांकडे बघायचं, असा इथला नियम होता. बहिऱ्यांच्या संघटनेने तो मोर्चे काढून मिळवला होता. तेव्हाच्या उन्हात गोदा आणि अनसूया पायात एकेक तुटकी चप्पल घालून चालल्या होत्या. वाळिंबे बघत होते. मानेही बघत होता, मुकाट्याने.

बोलावं काय, हे अनसूयाबाईंना अजून ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी शाळेपासून सुरुवात केली.

“आमच्या लहानपणी शाळेत खुणा करायला बंदी. ओठ हलवायला शिका, हात बाकावर ठेवा. हात हलला की पट्टी. गोदा माझ्या शेजारी. तिच्या दोन जाड वेण्या, म्हणून ती वेणी. आम्ही बाकाखाली एका हाताने बोलायचो. बाईंनाही नाव ठेवलं होतं. हनुवटीवर मस, म्हणून हे. बाई दाखवायच्या, की आपल्याला ठाऊकच नाही. पण वेणी म्हणाली, ठाऊक आहे गं. आपली गंमत बाई टक लावून बघत असतात, आणि मसेची खूण झाली रे झाली की त्यांना खिडकी आठवते!”

अनसूयाबाईंचे हात हवेत थबकले.

खिडकी.

त्यांनी मानेकडे बघितलं. मघाशी किल्ल्यांची खूण केली तेव्हा हा कुठे बघत होता? भिंतीवरच्या घड्याळाकडे.

“आजी, मुद्द्यावर या,” लोंढेबाई म्हणाल्या.

“मुद्द्यावरच आहे. आता आमचा इथला दिवस सांगते.” हात पुन्हा चालू झाले, आता सावकाश, देवघरात फुलं मांडावीत तसे. “सकाळी खळी चहा आणते. वेणीला बिनसाखरेचा. किल्ल्या दार उघडतो.”

नसीमने डोळे पुसून मान वर केली. मानेची नजर घड्याळाकडे गेली आणि परत आली.

“पोह्यांत खोबरं नसलं की वेणी रुसायची. खळी चोरून चिमूटभर घालायची. किल्ल्या म्हणायचा, लाड पुरे.”

पुन्हा घड्याळ.

“काय चाललंय हे, पोह्यांचं?” वाळिंबे लोंढेबाईंकडे वळले. पण तेजस्विनीबाई उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी दोन्ही हात वर करून सगळ्यांना थांबवलं. त्या मानेकडे बघत नव्हत्या. त्या पडद्याकडे बघत होत्या.

“बोलू द्या त्यांना. मी विनंती करते, बोलू द्या.”

“वेणीला न्हायला वेळ लागायचा. म्हातारं अंग. खळी म्हणायची, होऊ दे सावकाश. किल्ल्या दारावर लाथ मारायचा. आम्हाला आवाज येत नाही, फरशी हादरलेली कळते. त्या दिवशी खळी टॉवेल आणायला गेली. किल्ल्या आला. किल्ल्याने दार ढकललं. किल्ल्याने वेणीला ढकललं.”

मानेच्या कपाळावर घाम होता. तो प्रत्येक खूण बघत होता, नियमाप्रमाणे. आणि दरवेळी, कमरेवर बोटं आपटताच, त्याला घड्याळ आठवत होतं.

पडद्यावरचा ठिपका थरथरला. मग विरघळला, आणि त्या जागी अक्षरं उमटली.

‘दिगंबर माने’.

यंत्र तिथेच थांबलं नाही. कळलेलं नाव जुन्या नोंदींत भरायचं, हे त्याला शिकवलेलं होतं. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर गोदाचं वाक्य मोडलं आणि पुन्हा जुळलं.

‘दिगंबर मानेने मला ढकललं. नसीम आली. उचललं.’

माने ताडकन उठला. “खोटं आहे! मी बघितलंच नाही! मी तर मान फिरवली होती!”

“दरवेळी,” तेजस्विनीबाई म्हणाल्या. “आणि फक्त त्याच खुणेला. खोलीत तुम्ही कुठल्याच हाताकडे बघत नव्हता, म्हणून तिथे फरक दिसत नव्हता. इथे सगळं बघावं लागलं, आणि एवढंच चुकवलंत. मान वळली काय, फिरली काय, यंत्राला दोन्ही सारखंच. स्वतःचं नाव ओळखल्याशिवाय ते चुकवता येत नाही.”

नसीम रडत होती. आवाज करून रडत असावी, कारण दारावरचा शिपाई दचकला होता. अनसूयाबाई तिच्याकडे गेल्या आणि तिच्या गालात बोट रुतवून फिरवलं. खळी पडायला थोडा वेळ लागला, पण पडली.

“नोंद बदलली आहे,” लोंढेबाई म्हणाल्या. “नसीमवरचा आरोप राहिला नाही. माने, तुम्ही बाहेर जायचं नाही.” मग त्यांनी पडद्यावरच्या नोंदी मागे सरकवल्या. आता त्या ठिपके वाचत होत्या. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. ‘इथे नवा सेवक आला की जेवणघर दाखवायच्या आधी त्याला · एक गोष्ट शिकवतात.’

“आजी, इथे कोणाचं नाव होतं?”

अनसूयाबाईंना उत्तर देण्याची गरज पडली नाही. मागच्या बाकांवर बसलेल्या सहवासी एकेक करून उठत होत्या. आधी एकीने हात वर केला, मग तिघींनी, मग साऱ्या रांगेने. प्रत्येकीची दोन बोटं गळ्याशी, टायची गाठ असते तिथे.

वाळिंब्यांनी त्या हातांकडे बघितलं. मग चटकन घड्याळाकडे. मग घाबरून खाली, आपल्या बुटांकडे. कुठे बघावं ते त्यांना कळेना. बघावं तरी ओ, न बघावं तरी ओ.

पडद्यावरचा ठिपका थरथरू लागला होता.