कापडापलीकडची टिचकी

हे खरं आहे.

आता तुम्ही म्हणाल, सगळेच असं म्हणतात. म्हणा बापडे. मी शपथबिपथ घेणार नाही. ज्या बाईच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी मावशी आहे, आणि आमच्या घराण्यात कुणालाच धड थाप मारता येत नाही. मारली की कान लालबुंद होतात. मावशीने आयुष्यात एकच थाप मारली.

ही गोष्ट त्याच थापेची आहे.

रात्रबित्र नव्हती. भुतं बारानंतरच येतात असं ज्यांना वाटतं त्यांनी वाटून घ्यावं. मंगळवार होता. दुपारचे अडीच. बाहेर लख्ख ऊन. आणि जागा म्हणजे मास्तरांचा माळा.

मास्तर म्हणजे शिडं शिवणारे मास्तर. कपडे शिवणाऱ्या मास्तरांसारखेच, फक्त यांचं गिऱ्हाईक होडी. होड्यांच्या गोदामावर त्यांचा लांबच्या लांब माळा होता. चपला खाली काढून वर जायचं, कारण शिडं जमिनीवरच पसरलेली असायची. खिडक्या बंद. पंखा नाही. वाऱ्याने कापड हललं की खडूची रेघ चुकते.

"वाऱ्यासाठी शिवायचं आणि वाऱ्यालाच बंदी," असं मास्तर प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायचे आणि स्वतःच हसायचे.

मावशी तिथे आपणहून गेली नव्हती. ताईने नेली होती. ताई म्हणजे मावशीची एकुलती एक मुलगी, माझी मावसबहीण. काकांची, म्हणजे मावशीच्या नवऱ्याची, छोटी होडी, एका शिडाची, जेमतेम दोन माणसं मावतील एवढी, ताईने दुरुस्त करून घेतली होती. बाबांची होडी मीच चालवणार, असा तिचा हट्ट.

सगळं झालं होतं. फक्त शीड नव्हतं.

कारण चौदा महिन्यांपूर्वी काका त्या होडीतून गेले होते. होडी सापडली. शीड वरपासून खालपर्यंत फाटलेलं.

काका सापडले नाहीत.

मावशी रडली नाही. भेटायला आलेल्यांना तिने चहा केला. कप विसळले. काकांचे शर्ट धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवले. लोक मागून म्हणायचे, बाई दगडाची आहे. तिच्या कानावर यायचं. तिला त्याचंही काही वाटायचं नाही.

"मुंग्या आलेल्या पायाला कुणी चिमटा काढला तर कसं कळतं, पण लागत नाही, तसं झालंय गं," ती मला म्हणाली होती. "सगळं तसंच."

तर त्या मंगळवारी मास्तरांनी तीन कापडं काढली. प्रत्येकाचा हातभर तुकडा कापून मावशीसमोर ठेवला.

पहिलं सुती. दिसायला देखणं. "पण ओलं गुंडाळून ठेवलंत की कुजलं," मास्तर म्हणाले.

"मला कामावरून येऊन वाळवत बसायला वेळ नाही," ताईने ते बाजूला सारलं.

दुसरं नायलॉन. हलकंफुलकं, रंगीत. "मंद वाऱ्याला झकास. जोराचा वारा आला की पोट सुटतं त्याचं. माझ्यासारखं."

तिसरं पांढरं, जाड पॉलिस्टर. हातात घेतलं की कागदासारखं कडकडायचं.

"हे घ्या, आणि दहा वर्षं माझं तोंड बघू नका," मास्तर म्हणाले. मग मावशीकडे वळले. "वहिनी, तुम्ही फुंकून बघा की. तुमच्या फुंकरीवर साहेबांचा केवढा भरवसा होता!"



ही फुंकरीची भानगड सांगायला हवी. नव्या कापडाच्या विणीत खळ भरलेली असते. वारा आरपार जात नाही. वर्षानुवर्षं ऊनपाणी खाल्लं की खळ जाते, धागा पिचतो आणि वारा आरपार जायला लागतो. मग ते कापड मेलं म्हणायचं. वरून तसंच दिसतं, पण जोराच्या वाऱ्यात दगा देतं.

ते ओळखायची साधी रीत म्हणजे कापड ओठांना लावायचं आणि जीव खाऊन फुंकायचं.

काकांना दमा होता. म्हणून दरवर्षी फुंकायची मावशी. काका गुळगुळीत दाढी करून पलीकडून गाल लावायचे. बोललं की कापड हलतं, म्हणून बोलायचं नाही. टिचकी मारायची. एक टिचकी म्हणजे फुंकर लागली नाही, कापड जिवंत आहे. दोन टिचक्या म्हणजे फुंकर लागली, कापड मेलं.

बावीस वर्षं हे चाललं होतं.

मास्तर आणि ताई डोलकाठीचं माप घ्यायला खाली गेले. जिन्यावर पावलं वाजली, मग थांबली. कोपऱ्यातल्या मशीनवाल्या बाई डबा खायला गेल्या. मशीनचा आवाज बंद झाला.

माळ्यावर मावशी एकटी.

कापडाची सळसळसुद्धा नाही.

तिने तिसरा तुकडा उचलला. का उचलला, तिलाही सांगता येत नाही. हाताची सवय. दोन्ही हातांनी कडा धरल्या, कापड चेहऱ्यासमोर ताणलं, ओठ टेकवले आणि फुंकलं.

आणि पलीकडून...

टक्. टक्.

तिने कापड खाली केलं.

पलीकडे कुणी नव्हतं. लांबलचक जमीन. खडूची रेघ. बंद खिडक्या.

आपलंच नख लागलं असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. कडा पुन्हा धरल्या. दोन्ही हात नीट बघून घेतले. या वेळी छाती भरून श्वास घेतला आणि फुंकलं...

टक्.

टक्.

कापडाच्या बरोब्बर मध्यावर. आतल्या बाजूला, तिच्या नाकासमोर, दोनदा छोटासा उंचवटा आला आणि गेला.

"घाबरले नाही गं मी," ती मला म्हणाली. "त्याचंच वाईट वाटलं. माणसाने घाबरायला हवं ना?"

पण एक गोष्ट तिला कळली. दोन टिचक्या म्हणजे कापड मेलेलं. आणि या कापडाच्या भरवशावर तिची लेक पाण्यावर जाणार होती.

ताई आणि मास्तर वर आले तेव्हा मावशी तुकडा घडी करून बसली होती.

"हे नको," ती म्हणाली.

"अहो वहिनी, परवा तागा फोडलाय मी! कोरा करकरीत आहे!"

"नको."

ताईचा पारा चढला. "आई, मी जायलाच नकोय ना तुला? मग सरळ तसं सांग. बिचाऱ्या कापडाला कशाला नावं ठेवतेस?"

"ह्या ताग्यातलं नको. तू जा. पण ह्यातलं नको."

"कारण सांग."

मावशीने टिचक्यांचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दोघांनी तिला थेट डॉक्टरकडे नेलं असतं. तिने दुसरं सांगितलं, जे चौदा महिने कुणापुढे बोलली नव्हती. आवाज अगदी सपाट. वाण्याची यादी वाचावी तसा.

"शेवटच्या वेळी मी फुंकलंच नव्हतं. आदल्या दिवशी भांडण झालं होतं आमचं. कशावरून, ते आता आठवतही नाही. गॅसवर दूध होतं. कापड घेऊन हे माझ्या मागे लागले होते. मी नुसते गाल फुगवले. ह्यांना काही लागलं नाही. म्हणाले, बघ, अजून दणकट आहे. दुसऱ्या दिवशी गेले."

मास्तर खाली बघत राहिले. ताई जमिनीवर बसली, तिथेच, खडूच्या रेघेवर.

मग ती म्हणाली, "मास्तर, दुसरा तागा दाखवा."

बस. एवढंच. दुसऱ्या ताग्याला ताईने स्वतः फुंकलं आणि मावशीने गाल लावला. लागली नाही. मास्तरांनी त्याचंच शीड शिवलं. घरी येताना मावशीने बघितलं तर घडी केलेला तो तुकडा तिच्या पिशवीतच आला होता.

ताई होडी घेऊन गेली त्या दिवशी मावशी धक्क्यावर उभी होती. पाच तास, न बसता. ताई परत आली. पुढच्या रविवारी पुन्हा गेली, पुन्हा आली. सगळं नीट चाललं होतं.

मग दोनेक महिन्यांनी मास्तरांचा फोन आला.

"वहिनी, मला चैन पडेना हो. तुम्ही नको म्हणालात तो अख्खा तागा मी जमिनीवर उलगडला. वीत न् वीत बघितला. एक दोष नाही. वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक आहे, त्याच्या होडीला लावला. उत्तम चाललाय."

मावशीने फोन ठेवला आणि खुर्चीत बसली.

कापड जिवंत होतं. मग त्या टिचक्या कापडाबद्दल नव्हत्याच. मग त्यांचा अर्थ एवढाच उरत होता.

लागली.

चौदा महिने तो माणूस कुठेतरी गाल लावून उभा होता. फुंकरीची वाट बघत. शेवटी ती पोचली, आणि त्याने तसं सांगितलं. आणि मावशीने काय उत्तर दिलं?

हे नको.

त्या दिवसापासून ती रोज दुपारी अडीच वाजता तो हातभर तुकडा काढते. कडा धरते. फुंकते.

काही होत नाही.

हे सगळं तिने मला गेल्या महिन्यात सांगितलं. वर्ष उलटून गेलं होतं. अडीच वाजले तशी उठली, कपाटातून तुकडा काढला.

"तू पलीकडे बस," म्हणाली. "काही करू नकोस. नुसती बघ."

मी स्टूल घेऊन समोर बसले. आमच्या मध्ये पांढरं कापड. तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त कडांवरची बोटं. तिने फुंकलं. मला काही लागलं नाही.

पुन्हा फुंकलं. काही नाही.

तिसऱ्यांदा तिला ठसका लागला. साठी उलटलेली बाई. कापडामागून आवाज आला, "आजपण नाही." तोच सपाट आवाज.

मी ठरवलं. दोन टिचक्या. काय बिघडणार आहे? बोट वाकवलं, कापडाच्या मध्यावर धरलं.

टक्.

आणि माझा हात थांबला. एका खोट्या फुंकरीने एक माणूस गेलाय, हे नेमकं त्याच क्षणी आठवलं. बोट तसंच हवेत राहिलं. आता काय करावं कळेना. एक टिचकी म्हणजे तर... लागली नाही.

आणि मग...

टक्.

माझं बोट कापडापासून वीतभर लांब होतं. माझ्या डोळ्यांसमोर कापडाला खळगा पडला. माझ्या बाजूने. आणि भरून आला.



कापड हळूहळू खाली आलं. मावशीचं तोंड वेडंवाकडं झालं होतं. तिच्या गळ्यातून आधी आवाजच फुटेना. मग फुटला, आणि थांबेना. अडीच वर्षांचं रडू ती त्या खुर्चीत बसून रडली.

"लागली," म्हणत होती. "लागली गं त्यांना."

मी तिला पाणी दिलं. पाठीवरून हात फिरवला. हो म्हणाले.

आता ती बरी आहे. जेवते, झोपते, ताईशी भांडते. तुकडा कपाटात असतो, अडीच वाजता ती तो काढत नाही.

पहिली टिचकी माझी होती, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. दुसरी कुणाची, ते मला ठाऊक नाही. त्या दिवसापासून पडदा जरा हलला तरी मी त्या खोलीत थांबत नाही.

आणि तिला हो म्हणताना माझे कान तापले होते. तिने वर बघितलं होतं.

तिला दिसले का, ते विचारायची हिंमत मला होत नाही.