सतराव्या रांगेतून परतलेला आवाज

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. तरीही पुढे लिहिले आहे ते सारे घडलेले आहे. आकडे माझ्या वहीत आहेत, वेळ संगणकाने नोंदवली आहे, आणि त्या दुपारची किंमत माझा सख्खा मोठा भाऊ रोज मोजतो आहे.

हो, दुपारच. मंगळवार, तीन वाजून चाळीस मिनिटे.

दादा एकतीस वर्षे सभागृहांत स्पीकर लावत होता. नव्या सभागृहात शिरला की मधोमध उभा राहून एक टाळी वाजवायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "उजवी भिंत बोंबलतेय. तिथे पडदा लावा." तो चुकल्याचे मला आठवत नाही. त्याचे घर त्या दोन कानांवर चालायचे.

हे सभागृह नुकतेच दुरुस्त केलेले होते. वीस रांगा, सहाशे खुर्च्या. दुसऱ्या दिवशी पहिला कार्यक्रम. स्पीकर टांगून झाले होते, केबल भिंतीच्या कडेने चिकटपट्टीखाली गेल्या होत्या. पण मधल्या रांगांत आवाज गढूळ येत होता. दादाने आयुष्यात पहिल्यांदा मला माझी मोजणीची यंत्रे घेऊन बोलावले.

"टाळी नाही वाजवलीस?" मी विचारले.

"सकाळीच वाजवली. आवाज परत येतोय रे... पण कुठून, ते कळेना." मग लगेच सावरून म्हणाला, "म्हटलं, प्रोफेसरांच्या डब्याला विचारू. तेवढाच तुला विरंगुळा."

पद्धत सोपी आहे. स्पीकरमधून एक सूर सोडायचा. माइकपर्यंत तो आधी थेट पोहोचतो, मग कशावर तरी आपटून पुन्हा पोहोचतो. दोन्हींमधला वेळ मोजला की ती वस्तू किती लांब आहे ते कळते. नववीतला मुलगाही हे गणित करील.

माइकचा स्टँड गाडीत राहिला होता. दादा बाराव्या रांगेत बसला आणि त्याने माइक डाव्या कानाजवळ धरला.

"अरे, तुझं डोकंही मोजलं जाईल."

"जाऊ दे. चांगलं डोकं आहे."

मध्येच कुणी येऊ नये म्हणून त्याने सगळ्या दारांना आतून कड्या लावल्या होत्या. वातानुकूलन बंद. फोन बंद. मी विसाव्या रांगेच्या मागे, वरच्या साउंड रूममध्ये काचेआड होतो. तिचा जिना बाहेरच्या व्हरांड्यात उतरतो. काचेतून मला दादाची पाठ दिसत होती.

पहिली मोजणी.

दादाच्या खांद्यावरून परतलेला आवाज अपेक्षित जागी दिसला. त्यापुढे आणखी एक ठळक खूण होती. सव्वीस मिलिसेकंद. म्हणजे दादाच्या मागे साडेचार मीटरवर, सतराव्या रांगेत, काहीतरी उभे असायला हवे होते. साधारण माणसाएवढे रुंद.

मी काचेतून पाहिले.

सतरावी रांग रिकामी होती...

एका मोजणीवर विसंबायचे नाही, असे मी विद्यार्थ्यांना शिकवतो. मी पुन्हा मोजले.

वीस पूर्णांक आठ.

दोन आकडे जुळेनात तेव्हा तिसरा घ्यायचा, हा नियम. तिसरा घेतला.

पंधरा पूर्णांक सहा.

केबल सैल असेल, म्हणून ती बदलली. चौथ्यांदा मोजले.

दहा पूर्णांक चार.

दर वेळी फरक सारखाच येत होता. मी तो अंतरात बदलला. नव्वद सेंटिमीटर... दोन रांगांमध्ये असते तेवढे अंतर.

ते एकेक रांग पुढे येत होते.

दर मोजणीला एक.

आता ते चौदाव्या रांगेत होते आणि मला मात्र तिथे फक्त खुर्च्या दिसत होत्या. मी समोरच्या माइकचे बटण दाबले आणि स्पीकरवरून म्हणालो, "दादा, ऊठ तिथून."

एवढे बोललो आणि माझी नजर पडद्यावर गेली. संगणक ऐकतच होता. माझे वाक्यही त्या सभागृहात सोडलेला एक आवाजच होता...

पाच पूर्णांक दोन.

तेरावी रांग. दादाच्या थेट पाठीमागे.

"काय झालं रे?" दादा समोर बघतच ओरडला. माझा आवाज त्याला समोरच्या स्पीकरमधून आला होता. "सापडलं का काही? थांब, मीच बघतो. तुझा डबा काही कामाचा नाही."

त्याने माइक मांडीवर ठेवला. दोन्ही हात वर उचलले.

मला त्याला थांबवायचे होते. ओरडलो तर तो आवाज. काच वाजवली तर तो आवाज. मी दोन्ही हात वेड्यासारखे हलवत राहिलो... आणि त्याची पाठ माझ्याकडे होती.

त्याने टाळी वाजवली.

मग डोळे मिटून ऐकताना मान तिरपी करतो, तशी केली. आणि तो उजवीकडे थोडा सरकला. शेजारी कुणी बसायला आले की आपण सरकतो, तसा.

मी जिना उतरून दाराशी पोहोचलो. कडी आतून होती. ठोठावायला हात उचलला...

आणि तसाच धरून उभा राहिलो.

अकरा मिनिटे. माझा भाऊ आत होता, मध्ये एक लाकडी दार होते, आणि मी त्याला हाकही मारू शकत नव्हतो.

शेवटी त्यानेच कडी काढली. चेहरा शांत होता. "डाव्या कानात दडा बसलाय," एवढेच म्हणाला.

तो दडा अजून उतरलेला नाही. याला सात महिने झाले. तीन डॉक्टर झाले. पडदा ठीक, नस ठीक, मेंदूपर्यंत आवाज पोहोचतो हे तपासणीत दिसते. दादाला मात्र त्या कानाने काहीच ऐकू येत नाही. "बहिरं नाही वाटत रे," तो मला एकदा म्हणाला, "कानाला तोंड लावून कुणी बोलायच्या बेतात असतं ना... तसं वाटतं. पण बोलत नाही."

टाळीची नोंद संगणकात आहे. तिच्यात मागे काहीच नाही. फक्त दादाच्या खांद्याची खूण एकदा नव्हे, दोनदा आहे.

त्याने काम सोडले. सभागृहांची बोलावणी येतात. वहिनी फोन घेते आणि नाही म्हणते. जेवताना ती त्याच्या डाव्या हाताची खुर्ची रिकामी ठेवते. तिला मी काही सांगितलेले नाही. तिथे बसवत नाही, असे तीच म्हणते.

गेल्या रविवारी दादाने मला बाजूला घेतले.

"एकदा मोजून बघ ना. गेलंय की आहे, तेवढं तरी कळू दे. असं किती दिवस बसू?"

"बघू," मी म्हणालो. तेही अगदी हळू आवाजात.

यंत्रे कपाटात आहेत. मोजणीला दोन मिनिटेही लागणार नाहीत. मोजले नाही, तर माझा भाऊ त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत असाच बसून राहील. आणि मोजले, तर... ते दर मोजणीला एक रांग पुढे येते.

आता मध्ये एकही रांग उरलेली नाही.