पुसण्याआधी मोठ्याने वाच

काम तसं नेहमीचंच होतं. परिचारिकांच्या शाळेच्या तळघरात संगणकांची एक वर्गखोली होती. सुट्टी लागली की तिथले सगळे संगणक पुसून, नव्याने बसवून पुढच्या वर्गासाठी तयार ठेवायचे. वर्षभर दहा जणींनी हाताळलेलं यंत्र म्हणजे स्टँडवरचं बाकडं. कोण काय सांडून गेलं, कोण काय कोरून गेलं, कुणाला ठाऊक! एकेक यंत्र साफ करत बसलं तर सुट्टी संपेल. म्हणून या धंद्यातली माणसं एकाच यंत्रावर सगळं मनासारखं बसवतात, त्याच्या अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढून ठेवतात आणि तीच प्रत बाकीच्यांवर चढवतात. तिला म्हणायचं इमेज, आणि ती ज्या डिस्कवर जपून ठेवलेली असते ती मास्टर डिस्क.

ती आणि तिचा नवरा अशी कामं करत. धंदा मुळात तिच्या वडिलांचा. त्यांना सगळे नाना म्हणत. नवरा अंगाने इतका काटकुळा की लहानपणी शाळेतल्या पोरांनी त्याचं नाव पहिलवान पाडलं होतं, आणि ते जे चिकटलं ते कायमचंच. सासरेसुद्धा त्याला "या पहिलवान" म्हणूनच घरात घेत.

नाना गेले ते याच तळघरात. इमेज काढायला लावून ते खुर्चीत बसले होते. प्रत निघत असताना यंत्राला बोटही लावायचं नाही, हा त्यांचा दंडक. "त्या घडीला आत जे असेल ते सगळं प्रतीत उतरतं," ते म्हणायचे. "घाण असली तर घाणसुद्धा." सगळ्यांना वाटलं, म्हातारा डुलकी घेतोय. इमेज पूर्ण निघाली, पडद्यावर तसं लिहून आलं, तरी नाना उठले नाहीत. छोटी तेव्हा तिच्या पोटात होती.

ती डिस्क तेव्हापासून कपाटात पडून होती.

"नवीन मास्टर करूया ना," नवरा म्हणाला होता. "दोन दिवस जास्त जातील, एवढंच."

"नानांचं काम आहे. डोळे झाकून लाव."

"डोळे झाकून लावायचं नाही, हे कोण शिकवायचं? नानाच ना?"

ती हसली, पण हट्ट सोडला नाही. नानांनी स्वतःच्या हाताने मांडलेला पडदा तिला पुन्हा एकदा बघायचा होता. माणसाचं हस्ताक्षर बघावंसं वाटतं, तसं. हे तिने नवऱ्याला सांगितलं नाही.

सकाळी छोटीला शेजारच्या मावशींकडे सोडलं. मावशींनी दारातच टोमणा मारला, "पहिलवान, आज कुणाच्या पायावर चहा?" छोटी जन्मली त्या दिवशी बातमी ऐकून त्याने हातातला अख्खा कप डॉक्टरांच्या पायावर सांडला होता. ती गोष्ट मावशींना जन्मभर पुरणार होती.

शाळेच्या फाटकावरचे मामा, म्हणजे तिथले जुने शिपाई, किल्ली देताना घुटमळले.

"ताई, दुपारपर्यंत उरकतंय का बघा."

"का हो मामा? घाई आहे कुठे?"

"मला कसली घाई." त्यांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली. "दुपारी मी खाली जात नाही, एवढंच. उगीच नानांचा लवंगेचा वास येतो."

नाना दाढदुखीसाठी गालात लवंग धरायचे. मामांचा आणि त्यांचा दोस्ताना होता. म्हाताऱ्या माणसाला आठवण येत असेल, असं म्हणून ती जिना उतरली.

तळघराला खिडकी नव्हती. भिंतींना ओल, वर दोन ट्यूब, त्यातली एक फडफडणारी. टेबलांच्या तीन रांगा आणि समोर शिक्षकाचं टेबल. नाना बसायचे ते तेच. तिने मास्टर डिस्क तिथल्या यंत्राला जोडली. नवरा मागच्या रांगेपासून वायरी तपासत टेबलांखाली शिरला.

पद्धत अशी. एकेक यंत्र चालू केलं की त्याचं नाव समोरच्या पडद्यावर यादीत उमटतं. ते निवडायचं. मग पडदा विचारतो: "या ठिकाणी जे आहे ते कायमचं पुसलं जाईल. पुढे जायचं?" हो म्हटलं की हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत जाते. पट्टी भरली की जुनं गेलं, नवं आलं.

नानांचा या प्रश्नापाशी फार कटाक्ष. ती लहान असताना ते तिला शेजारी बसवून सांगायचे, "पुसण्याआधी मोठ्याने वाच. कुणाचं पुसतोय, ते नावासकट वाच. डोळे फसतात, जीभ फसत नाही."

पहिली रांग तिने मोठ्याने वाचली. नवरा टेबलाखालून "आमेन" म्हणाल्यासारखा "बरं बाई" म्हणत होता. दुसऱ्या रांगेला नुसते ओठ हलले. तिसऱ्या रांगेला ओठही थांबले, बोट मात्र चालत राहिलं. तेच वाक्य किती वेळा वाचणार माणूस?

पहिल्या रांगेतली यंत्रं एव्हाना उठली होती. पडदा तोच, नानांचा. निळसर, सगळी चित्रं उजव्या कडेला. नाना डावखुरे होते. माऊस डाव्या हाताला, बटणं उलटी. तिने एका यंत्राचा माऊस डाव्या हातात धरून पाहिला आणि तिचे डोळे भरून आले.

"अरे, बटणं उलटी आलीत. नंतर सुलटी करावी लागतील."

"चालेल," टेबलाखालून आवाज आला. "आणि घड्याळंही."

"घड्याळं?"

"बघ ना. सगळी एकच वेळ दाखवतायत. आणि पुढे सरकत नाहीयेत."

तिने पाहिलं. रांगेतल्या प्रत्येक पडद्याच्या कोपऱ्यात एकच वेळ थांबली होती, भर दुपारची. ती वेळ तिला पाठ होती. डॉक्टरांनी नानांच्या कागदावर लिहिलेली.

आधी तिला वाटलं, इमेजमधूनच आली असेल. मग तिच्या लक्षात आलं. घड्याळ डिस्कवर नसतंच. ते प्रत्येक यंत्राच्या पोटात, त्याच्या स्वतःच्या छोट्या सेलवर चालतं. इमेज काहीही आणू शकते, वेळ आणू शकत नाही.

"सेल संपले असतील," ती म्हणाली.

"सगळ्यांचे? एकदम?"

खोलीत पंख्यांचा आवाज होता. एवढी यंत्रं एकत्र चालली की घरघर होणारच. पण आता ती घरघर एका लयीत आली होती. दोन आखूड, एक लांब. दोन आखूड... एक लांब. शेवटच्या वर्षात नानांना दम असाच लागायचा. दुसरी रांग उठली आणि त्या श्वासाला जोर आला. तिसरी रांग उठू लागली, तशी टेबलांवरची धूळ त्या श्वासाबरोबर हलायला लागली.

आणि लवंगेचा वास आला.

"आपण वर जाऊया," ती म्हणाली. "उरलेलं उद्या करू."

"झालंच की. एवढी शेवटची वायर बांधतो."

पडद्यावर प्रश्न आला. लवकर उरकावं, एवढंच तिच्या मनात होतं. तिच्या बोटाने हो म्हटलं.

मग तिने मान वर केली. तिन्ही रांगा उजळलेल्या होत्या. शेवटच्या यंत्रापर्यंत सगळ्यांवर नानांचा निळसर पडदा होता. चढवायला खोलीत एकही यंत्र उरलं नव्हतं.

तिने यादीत सगळ्यात खालचं नाव वाचलं. या वेळी मोठ्याने.

"पहिलवान."

"काय गं?" टेबलाखालून आवाज आला.

"तू... तू यादीत काही टाकलंस? मस्करी करतोयस ना?"

"मी इथे कोळिष्टकं खातोय. कसली मस्करी?"

हिरवी पट्टी सरकायला लागली होती. तिने थांबवायचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. काही होईना. तिचा हात वायरीकडे गेला आणि तिथेच थांबला.

अर्ध्यात तोडायचं नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. इमेज अर्धवट चढली की जुनंही जातं आणि नवंही लागत नाही. मग उरतो नुसता डबा. किती यंत्रं अशी बाद झालेली तिने स्वतः पाहिली होती. तोडावं तर नवरा डबा होणार. नाही तोडावं तर...

"अरे, बाहेर ये. माझ्याशी बोल."

"बोल की."

"तुझी आई तुला काय म्हणायची? लहानपणी?"

तो हसल्यासारखा म्हणाला, "हे काय मध्येच? थांब... जिभेवर आहे."

इमेज सुरुवातीपासून चढते. आधी पहिलं पुसलं जातं, मग त्याच्या पुढचं.

"शाळेत तुला पहिलवान कोण म्हणालं पहिल्यांदा?"

"मला? मला कुणी म्हणतं का तसं?"

पट्टी अर्ध्यावर आली. श्वास खोलीभर चालला होता. दोन आखूड, एक लांब. नवऱ्याचे पाय टेबलाखालून दिसत होते, आणि त्याचं पोट त्याच लयीत वरखाली होत होतं.

"आपण पहिल्यांदा कुठे भेटलो?" ती ओरडली. "सांग ना रे!"

"तू... दुकानात. वडिलांच्या. तू खुर्चीवर चढून..." तो अडखळला. "नाही. खुर्चीवर मीच चढवलं तुला. उंची पुरत नव्हती तुझी."

खुर्चीवर तिला नानांनी चढवलं होतं. ती पाच वर्षांची असताना.

पट्टी आता शेवटाकडे चालली होती. शेवटी काय असेल? जे सगळ्यात अलीकडचं, तेच. तिने वायर मुठीत धरली.

"छोटी जन्मली तेव्हा तू काय केलंस?"

पट्टी आणखी थोडी सरकली.

"अरे, छोटी जन्मली तेव्हा!"

"डॉक्टरांच्या पायावर चहा सांडला," तो हळूच म्हणाला. त्याचाच आवाज, त्याचंच ते लाजणं. "तू पण ना... मावशी काय कमी आहेत का?"

तिने वायर उपटली.

सगळे पंखे एकदम थांबले. ट्यूबची फडफडसुद्धा. पट्टी नखाएवढी राहिली होती, तिथेच गोठली. नवरा टेबलाखालून निघाला, गुडघे झटकले आणि म्हणाला, "चल, छोटी वाट बघत असेल." ती त्याच्या गळ्यात पडून रडली. तो गोंधळून तिच्या पाठीवर थोपटत राहिला.

डाव्या हाताने.

मास्टर डिस्क तिने त्याच संध्याकाळी अंगणातल्या दगडावर ठेवून हातोडीने फोडली. तुकडे वेगवेगळ्या कचरापेट्यांत टाकले. शाळेला नवी इमेज करून दिली, पण तळघरात ती एकटीच उतरली, आणि सकाळीच. तेव्हा घड्याळं बरोबर चालत होती.

डॉक्टरांनी नवऱ्याला तपासलं. सगळं ठीक आहे, ताण असेल, म्हणाले. भिंतीवरच्या त्याच्या आईच्या फोटोकडे तो पाहुण्यासारखा बघतो. शाळेतला मित्र भेटायला आला, तर त्याने त्याला "आपण कोणत्या कामासाठी आलात?" असं विचारलं. पण छोटीवर त्याचा जीव आहे. तिला खांद्यावर घेतो, भरवतो, रात्री उठून पांघरूण घालतो. ती मनाशी म्हणाली, एवढं राहिलं ना? एवढ्यावर संसार होतो. पुसलेलं मी त्याला पुन्हा सांगेन, रोज थोडं थोडं.

फक्त दुपारी, ती वेळ झाली की तो हातातलं काम ठेवतो आणि खुर्चीत बसतो. डोळे उघडे, समोर लागलेले. पहिल्या दिवशी तिने घाबरून खांदा हलवला, तर तो शांतपणे म्हणाला, "हात लावू नकोस. थोडंच राहिलंय."

म्हणून ती त्याला रोज तो एकच प्रश्न विचारायची. छोटी जन्मली तेव्हा तू काय केलंस? तो रोज लाजायचा, आणि चहा रोज डॉक्टरांच्याच पायावर सांडायचा. मग तिचा दिवस सुखाचा जायचा.

लहानपणी ती दुकानातले सुटे स्क्रू वेचून फ्रॉकच्या खिशात भरायची, म्हणून नानांनी तिचं नाव खारू ठेवलं होतं. दोघंच असतील तेव्हाच ते त्या नावाने हाक मारायचे. नवरा चिडवेल म्हणून तिने त्याला ते कधीच सांगितलं नव्हतं.

काल दुपारी तो खुर्चीत बसला होता. छोटी त्याच्या मांडीवर बसून त्याच्या शर्टाच्या खिशातून काहीतरी काढून तोंडात घालत होती. तिने धावत जाऊन छोटीच्या तोंडातून ते काढलं. लवंग होती.

तिने स्वतःला सावरलं आणि विचारलं, "छोटी जन्मली तेव्हा तू काय केलंस?"

या वेळी तो लाजला नाही. कौतुकाने हसला.

"चहा तो पहिलवानांनी सांडला," तो म्हणाला. "मी कुठे होतो तेव्हा, खारू?"