जोडीदाराविषयी चार ओळी

"ओ पावणं, पांढऱ्या पडद्यापुढं पांढरा ड्रेस? व्हिसाच्या फोटोत नुसतं मुंडकं दिसंल की!"

स्टुडिओत माझ्या मागं उभा राहून हसणारा तो नागसेन, बिद्रीचा. मी कोडोलीची संघप्रिया. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. "मग तुमचं जाकीट द्या की," मी ठसक्यात म्हणाले. त्यानं खरंच काढून दिलं... आणि व्हिसावर माझा फोटो त्याच्याच जाकिटातला लागला.

आम्ही दोघंही एकाच अभ्यासदौऱ्याला निघालो होतो. थायलंडच्या ज्या विद्यापीठाशी आमच्या कॉलेजचा करार आहे, तिथं दहा दिवस उसाच्या रानातली माती तपासायची, जोडीजोडीनं. नेमकी आमची जोडी लागली. तो खड्डे खणायचा, मी नोंदी करायचे.

"कामाकडं बघ," मी दटावायचे.

"कामाकडंच बघतोय की... काम शेजारीच बसलंय!"

मी वहीत तोंड खुपसायचे. तो मला आवडायला लागला होता... फार.

शेवटच्या दिवशी तिथल्या सरांनी सांगितलं, तुमच्यातल्या एकालाच दोन वर्षं शिकायला बोलावणार. प्रत्येकानं आपल्या जोडीदाराविषयी लिहून द्या. नागसेन माझ्यापेक्षा हुशार. तोच इकडं थायलंडला राहिला तर... माझं काय? मी चार कोरड्या ओळी लिहिल्या, हातचं राखून.

महिन्याभरानं कोल्हापुरात निकाल आला. निवड माझी झाली होती! आमच्या कॉलेजच्या स्नेहल मॅडमनी कौतुकानं नागसेनचा कागद माझ्यापुढं ठेवला. 'खड्डे मी खणले, माती तिला कळली. तिलाच बोलवा.'

मी तशीच पार्किंगमध्ये त्याला गाठलं.

"जागा तुझी होती, नागसेन. मी मुद्दाम कमी लिहिलं... तू लांब जाशील म्हणून. मी नाव मागं घेते."

तो गाडीची किल्ली फिरवत राहिला. त्याला लागलं होतं, ते दिसत होतं.

"मलाबी जायाचं हुतं," तो हळूच म्हणाला. "लय."

मला रडू आवरेना.

"रडू नगं. नाव मागं घेतलंस तर जागा दुसऱ्या जोडीला जाईल, दोघांचंबी गेलं. तू जायाचं."

"आणि तू?"

"मी हाय की हितंच." त्यानं किल्ली खिशात टाकली. "पण खरं सांग... मी लांब जाऊ नये, एवढं वाटलं तुला?"

"हो. अजून वाटतं. आवडतोस तू मला."

त्यानं डोळे पुसले, आणि मग हसला.

"येडे... त्या चार ओळी सरांस्नी कशाला लिवल्यास? मला लिवायच्या हुत्यास की!"