ढाबळीतली कोलाची बाटली

"विली, धावत ये! बर्था गेली!"

फोनवर आल्फॉन्सला धाप लागली होती. निवृत्त पोलीस अधिकारी विली कोशिन्स्कीने कवळी बसवली आणि घरातल्या सपाता पायात असतानाच निघाला. जर्मनीतल्या गेल्सेनकिर्शेनच्या त्या खाणकामगार वसाहतीत शर्यतीचं कबुतर जाणं म्हणजे घरातलं माणूस जाणं.

परसातल्या ढाबळीला कडी नीट लावलेली होती. पिसं विखुरलेली नाहीत, रक्ताचा थेंब नाही. म्हणजे बोका नव्हे, माणूस. आणि फळीवर अगदी मधोमध एक कोलाची चघळगोळी पडली होती, तपकिरी, बाटलीच्या आकाराची.

"काल फळ्यांवरची घाण खरवडली होतीस?"

"रोज संध्याकाळी खरवडतो. तेव्हा नव्हती ही."

शेजारचा उडो ब्रिंकमान, कबुतर मंडळाचा अध्यक्ष, आधीच हजर होता. "यात शोधायचं काय? नुरजानच्या खिशात कायम ह्याच गोळ्या असतात. पोलिसांत द्या!"

खाणीच्या धुळीनं आल्फॉन्सची छाती पोखरली होती, डॉक्टरनं ढाबळ सोडायला सांगितली होती. पलीकडच्या घरातली नुरजान पक्ष्यांना जीव लावायची. उद्या दुपारी मंडळ तिला सभासद करून घेणार होतं आणि मग ढाबळ तिची होणार होती. फक्त बर्था आल्फॉन्सपाशी राहणार होती. नुरजान चोर ठरली तर सगळे पक्षी उडो घेणार, हेही ठरलेलं होतं.

कोशिन्स्कीनं गोळी रुमालात बांधली आणि नुरजानचं दार वाजवलं.

"काल रात्री कुठे होतीस?"

"घरात. साक्षीदार नाही, काका. लिहून घ्या."

"ढाबळीत गोळी सापडली."

तिनं खिशातून पुडी काढून त्याच्यापुढे धरली. "माझ्या तुर्की दुकानातल्या. तुमच्यातल्यांत डुकराचं जिलेटिन असतं, मी खात नाही. पण दिसायला सारख्याच, मग कोण ऐकणार?"

त्यानं एक तोंडात टाकली. आधी जळक्या साखरेची गोडी आली, मागून लिंबाची चिमटी. मऊ, लवचिक. कवळी जागची हलली नाही. दुसरी त्यानं घरी नेऊन खिडकीत उघडी ठेवायला खिशात टाकली.

कुंपणापलीकडून आल्फॉन्स पाहत होता. नुरजाननं हात केला. त्यानं मान फिरवली. तिचा हात तसाच राहिला.

उडोकडे पाहुणचार जोरात झाला. हीटरच्या वरच्या फळीवरून त्यानं फाडलेलं पाकीट काढलं. "घे, कोलाची बाटली!"

कोशिन्स्की चावला आणि वरची कवळी गोळीसकट बाहेर आली.

उडो खो खो हसला. "महिनाभर उघडी ठेवली की मग मजा! ताजी काय, दूधपित्यांनी खावी."

कोशिन्स्कीनं कवळी खिशात टाकली आणि हसतच निघाला.

रविवारी दुपारी मंडळ बिअरच्या गुत्त्यात जमलं. उडोनं नुरजानचा अर्ज फेटाळायचं सुचवलं. तेव्हा कोशिन्स्कीनं रुमाल सोडून गोळी टेबलावर आपटली. टक्क!

"ही ढाबळीतली. काल सकाळी उचलली तेव्हाही इतकीच कडक होती. ही दुसरी नुरजानची. रात्रभर माझ्या खिडकीत उघडी होती." त्यानं ती दाबली, ती मुकाट्यानं वाकली. "आदल्या संध्याकाळी फळ्या खरवडलेल्या. एका रात्रीत गोळीचा दगड होत नाही. टाकणाऱ्यानं ती कडकच आणली होती. नुरजानवर आळ आणायला त्यानं घरचीच गोळी उचलली, आणि आपल्या घरची आवड वेगळी असते हे विसरला."

"अर्धी गल्ली कडक खाते!" उडो ओरडला. "माझ्याकडे काय बघतोस?"

"मी तुझं नाव घेतलं नाही, उडो. पण चोराची अडचण सांगतो. बर्थाला सोडलं तर ती सरळ घरी येणार. मारायला कबुतरवाल्याचा हात धजत नाही. म्हणजे ती कोंडलेली आहे. चल, तुझी ढाबळ उघड."

"माझे पक्षी बिथरतील!"

"बिथरू देत," खजिनदार म्हणाला आणि उठला. मंडळी त्याच्यामागे उडोच्या परसात गेली. खजिनदारानंच कडी ओढली.

पक्ष्यांचा थवा फडफडत वर गेला आणि एक घिरटी घालून उडोच्याच छपरावर उतरला. एक राखाडी मादी तेवढी वळली. कुंपण ओलांडून ती आल्फॉन्सच्या ढाबळीत शिरली.

उडो खाली बसला. "त्याचे पक्षी त्या पोरीच्या हाती जायचे? तीस वर्षं मी शेजारी आहे!" अध्यक्षपदाचा बिल्ला खजिनदारानं त्याच्या कोटावरून काढून घेतला.

आल्फॉन्स धापा टाकत नुरजानपाशी आला. "पोरी, काल मी तोंड फिरवलं. चुकलो."

"हो, चुकलात," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "काका, कबुतर सोडलं की लगेच घरी येतं. मला जरा वेळ लागेल."

मग ती बर्थासाठी पाणी भरायला गेली.