नर्सबाईंचा तिसरा जबाब

आमच्या दारावर 'भाषांतर विभाग' अशी पाटी होती. भाषांतर तिथे कोणीच करत नसे. आत चार टेबलं, एक गळका कूलर आणि शेजारच्या देशाचा भिंतभर नकाशा. त्या देशात कुठली अफवा सोडायची हे वरून ठरून येई. मी ती लिहीत असे. अकरा वर्षं अशा अफवा लिहिल्या. लोक काहीही गिळतात, फक्त ते मुलांच्या काळजीत घोळून द्यावं लागतं.

त्या वर्षी त्यांच्याशी नदीच्या पाण्याचा करार अडला होता, म्हणून त्यांच्या सरकारला नमवायचं होतं. मी एक नर्स जन्माला घातली. सीमेजवळच्या दवाखान्यातली, पन्नाशीची. तिचा जबाब असा, की सरकारी डोस पाजला की मुलांची झोप कायमची उडते. दुसऱ्या जबाबात तिने मुलांचा आकडा सांगितला. आठवड्याभरात तिकडच्या आया डोसवाल्यांना दगड मारू लागल्या. साहेब खूश झाले. मला त्या बायांची कीवही आली नाही.

मग तिकडच्या वर्तमानपत्रात नर्सचा फोटो छापून आला. डाव्या भुवईवर व्रण होता. तो व्रण मी कल्पिला होता, पण लिहिला कुठेच नव्हता. साहेब म्हणाले, कोणीतरी हौशी बाई पुढे आली असेल. मलाही ते पटलं.

सोमवारी सकाळी तिकडच्या रेडिओवर तिने तिसरा जबाब दिला. माझा तिसरा जबाब अजून टेबलावर अर्धवट पडला होता. मी जिथे थांबलो होतो, तिथेच ती थांबली.

दुपारी ताईचा फोन आला. ती आमच्याच शहरात राहते. शाळेत डोस दिल्यापासून भाची तीन दिवस झोपली नव्हती, आणि डॉक्टरांना काही सापडत नव्हतं. मी ताईला झापलं, की शिकलीसवरलेली तू, परक्या देशातल्या बाजारगप्पांना भुलतेस? ती म्हणाली, कुठल्या गप्पा?

मी गेलो. भाची गादीवर ताठ बसली होती. पापणी लवत नव्हती. मी वाकून तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"मामा, जरा सरक ना," ती म्हणाली. "नर्सबाई दिसत नाहीत."

माझ्या मागे रिकामी खुर्ची होती.

मी तडक ऑफिसात परतलो आणि तिसरा जबाब पुरा केला. 'मी खोटं बोलले. सगळी मुलं गाढ झोपतात.'

कागद अजून माझ्याच हातात होता. रेडिओवर तिने तो शब्दन् शब्द वाचला.

ताईचा पुन्हा फोन आला. झोपली. गल्लीतली मुलंही सगळी झोपली. इतकी गाढ, की हलवलं तरी उठत नाहीत.

मी नवा कागद ओढला. 'मुलं पुन्हा जागी होतात.' रेडिओवर नुसती खरखर होती.

मी कागद घेऊन साहेबांकडे धावलो. त्यांनी तो वाचून परत दिला.

"यावर कोण विश्वास ठेवणार?"

समोरच्या शाळेची सुटायची घंटा झाली. फाटक उघडलं. शिपाई बराच वेळ ते धरून उभा होता.